नागपूरच्या पॅरिशमध्ये बेघरांची सेवा सुरू करताना : मिस्सेपासून हिशेबवहीपर्यंत

डिसेंबर लागला की नागपुरातल्या चर्चमध्ये ब्लँकेटांचे गठ्ठे यायला लागतात. नाताळच्या आधी एका रात्री तरुण मंडळी स्टेशनसमोर, मेयो रुग्णालयाच्या भिंतीलगत जाऊन ते वाटून येतात. हे चांगलंच आहे, थांबवू नये. पण नागपूरची थंडी नाताळ संपल्यावर संपत नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फुटपाथवरच्या माणसाचे हाल थंडीपेक्षा जास्त होतात. तेव्हा त्याच्याजवळ कोणी नसतं. हा लेख वर्षभर, दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच माणसांकडे जायची इच्छा असलेल्या पॅरिशसाठी, म्हणजे एका चर्चच्या कॅथलिक मंडळींसाठी आहे. यासाठी मोठी इमारत लागत नाही, मोठी देणगी लागत नाही. सात-आठ माणसं, एक वही आणि फादरांचा पाठिंबा एवढ्यावर सुरुवात होते.

पहिली पायरी वेदीजवळची

बहुतेक ठिकाणी समाजसेवेची समिती वेगळी आणि उपासनेची समिती वेगळी असते, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण पोटभर जेवत आणि काही उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांना खडसावून सांगितलं की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे (१ करिंथ ११). इसवी सन १५० च्या सुमारास संत जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ज्यांच्याजवळ आहे ते आपल्या इच्छेने देतात, ते उपासना चालवणाऱ्याकडे जमा होतं आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय करतो. म्हणजे गरिबाचा वाटा रविवारच्या उपासनेतच होता. तो नंतर कोणीतरी जोडलेला नाही.

म्हणून फादरांना भेटायला जाल तेव्हा जेवणाच्या योजनेआधी मिस्सेबद्दल, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेबद्दल बोला. या गोष्टी लगेच करता येतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्पणाच्या मिरवणुकीत भाकर आणि द्राक्षारसासोबत एक टोपली पुढे न्यायची. तांदूळ, मूगडाळ, अंघोळीचा साबण, टॉवेल, चपला. मिस्साग्रंथाच्या, म्हणजे मिस्सेच्या विधींच्या पुस्तकाच्या, सर्वसाधारण सूचनांमध्ये (परिच्छेद ७३) गरिबांसाठी आणलेली दानं स्वीकारायला मोकळीक आहे; फक्त ती वेदीवर न ठेवता बाजूला योग्य जागी ठेवायची. टोपली पायरीशी ठेवली तरी चालते. ती कोणी न्यायची हे आधी ठरवा. धर्मशिक्षणाच्या वर्गातलं एक मूल आणि एक आजी अशी जोडी छान जमते. टोपलीत जुने, फाटके कपडे येणार नाहीत हे मात्र पहिल्याच सूचनेत स्पष्ट सांगा. देवासमोर ठेवायला लाज वाटेल ती वस्तू गरिबाला द्यायलाही वाटायला हवी.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ‘जगातील सर्व गोरगरिबांसाठी’ हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते कानावरून निघून जातं. त्याऐवजी ‘या आठवड्यात मेडिकल रुग्णालयात भरती झालेल्या रामलालसाठी’ म्हणा. त्या माणसाची परवानगी घ्या, फक्त पहिलं नाव घ्या, आजार सांगू नका.

पुण्य गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, संध्याकाळच्या मिस्सेत गरिबांसाठीच्या दानांची मिरवणूक काढावी असं मिस्साग्रंथातच सुचवलेलं आहे. पाय धुण्याच्या विधीकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि ही मिरवणूक राहून जाते. प्रायश्चित्तकाळभर, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, घरोघरी साठवलेला डबा त्या दिवशी आणायला सांगितला तर एका संध्याकाळीच पुढच्या काही महिन्यांची बेगमी होते. व्हॅटिकनच्या २०१६ च्या आदेशाने पाय धुण्यासाठी स्त्रिया, वृद्ध, आजारी अशा सगळ्यांमधून निवड करायला वाट मोकळी झाली आहे. फुटपाथवर राहणारी एखादी कॅथलिक व्यक्ती तुमच्या ओळखीची झाली असेल तर फादरांशी बोला. पण तिला आधी विचारा, आणि नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

मिस्सेच्या हेतूंबद्दलही, म्हणजे ती कोणासाठी अर्पण करायची याबद्दलही, एक सांगायचंय. चर्चच्या कायद्यात (कलम ९४५) धर्मगुरूंना आग्रहाने सुचवलं आहे की अर्पणाचे पैसे मिळाले नाहीत तरी गरजूंच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी. फुटपाथवर वारलेल्यांसाठी महिन्यातून एक मिस्सा मागायला संकोच नको.

चर्चच्या दारात

फुटपाथवरच्या माणसांशी ओळख झाली की एखाद दिवशी त्यातलं कोणीतरी रविवारी चर्चमध्ये येऊन उभं राहील. त्याची तयारी आधीच हवी. संत याकोबाच्या पत्रात (अध्याय २) सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणणाऱ्यांना जे सुनावलंय, ते दारावरच्या स्वयंसेवकांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. मग नियम ठरवा. त्याला मागच्या कोपऱ्यात पाठवायचं नाही, मधल्या बाकांवर स्वतःच्या शेजारी बसवायचं. त्याच्याजवळचं बोचकं हिसकावायचं नाही. त्याचा सगळा संसार त्यात आहे, ते बाकाखाली राहू द्या. पाण्याची आणि स्वच्छतागृहाची जागा दाखवायची. स्वच्छतागृहाला रविवारीही कुलूप असेल तर ते उघडणं हीच तुमच्या सेवेची पहिली पायरी समजा.

कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी गोंधळ होतो. येणारा हिंदू, बौद्ध, मुसलमान, कोणीही असू शकतो. शेजारच्याने हळूच सांगावं की हे कॅथलिक लोकांसाठी आहे, तुम्हाला आशीर्वाद हवा असेल तर छातीवर हात दुमडून रांगेत या. एवढं पुरतं. दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढण्यासाठी चारचौघांनी गराडा घालू नये. एकाने खांद्यावर हात ठेवून सावलीत न्यावं, चहा द्यावा, मिस्सा संपेपर्यंत सोबत बसावं.

आधी रिकाम्या हाताने फिरा

वाटपाआधी काही संध्याकाळी नुसतं फिरायचं. रात्री साडेनऊनंतर आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास, कारण दिवसा दिसणारा माणूस बेघरच असेल असं नाही. सदर, गड्डीगोदाम, स्टेशनचा परिसर, टेकडी गणपतीची बाजू, मेयो, कॉटन मार्केट, सीताबर्डी, मेडिकल चौक हे सगळे भाग तुमच्या पॅरिशच्या जवळ नसतील. सगळे घेऊही नका. चर्चपासून चालत जाता येईल असा एकच पट्टा निवडा.

फिरताना लक्षात येईल की ‘बेघर’ ही एकच जमात नाही. कॉटन मार्केटमध्ये माल उतरवणारा, छत्तीसगड किंवा बालाघाटकडून आलेला मजूर कमावता आहे. त्याला जेवणापेक्षा सामान ठेवायला सुरक्षित जागा आणि अंघोळीला पाणी हवं असतं. मेडिकल आणि मेयोच्या आवारात झोपणारे बरेचसे गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना रात्रीची चादर, फोन चार्ज करायची सोय आणि कोणता कागद कोणत्या खिडकीवर न्यायचा हे सांगणारं माणूस हवं. घरच्यांनी टाकून दिलेले म्हातारे वेगळे. मनाचा आजार असलेले वेगळे. चौघांना एकाच रांगेत उभं करून एकच पाकीट दिलं तर कोणाचंच काम होत नाही.

तिथे आधीपासून कोण देतंय तेही पाहा. गुरुवारी साईभक्त, मंगळवारी आणि चतुर्थीला टेकडी गणपतीजवळ, ताजबागेत लंगर, गुरुद्वाऱ्यात लंगर. या शहरात अन्नदानाची मोठी परंपरा आहे आणि आपण त्यात उशिरा येणारे आहोत. ज्या वारी कोणीच येत नाही तो वार घ्या. आधीपासून वाटणाऱ्यांना भेटून नमस्कार करा. तिथल्या माणसांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसते.

सिग्नलवर काही वाटू नका. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि मार्च २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी चौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश काढला होता. तुमच्या वाटपामुळे जमलेल्या गर्दीचा त्रास शेवटी त्याच लोकांना होतो. सुरू करण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात पॅरिशच्या लेटरहेडवर दिवस, वेळ आणि जागा कळवून पोच घ्या.

मंडळी कोणती

तुमच्या पॅरिशमध्ये संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची शाखा आहे का ते विचारा. असेल तर नवी समिती काढू नका, तिच्यातच जा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, आणि त्यांची पद्धत अजून तीच आहे: नियमित बैठक, सुरुवातीला प्रार्थना, आणि भेटीला जायचं ते दोघादोघांनी. दोघांच्या जोडीत एक स्त्री असावी, म्हणजे फुटपाथवरच्या बायका मोकळेपणाने बोलतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नेऊ नये. त्यांना स्वयंपाकात, पॅकिंगमध्ये, टोपलीच्या कामात घ्या. एकटं मूल दिसलं तर घरी आणायचं नाही, मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन करून कोणी येईपर्यंत तिथेच थांबायचं.

अन्न

खिचडी करा. अनेक जण पुरी-भाजी, लाडू, बिर्याणीचा आग्रह धरतात, पण फुटपाथवरच्या म्हाताऱ्यांना दात नसतात आणि रिकाम्या पोटी तर्रीदार जेवण सोसत नाही. चाळीस माणसांना चार किलो तांदूळ आणि दीड किलो मूगडाळ पुरते. हळद, जिरं, थोडं तूप, मीठ बेताचं. शेजारी केळं. उन्हाळ्यात केळ्याऐवजी मठ्ठा दिला तर तो थंड डब्यातच न्या. खव्याची मिठाई कोणी कितीही प्रेमाने दिली तरी एप्रिल ते जूनमध्ये रस्त्यावर नेऊ नका.

शिजल्यापासून दोन तासांच्या आत ताटात पडलं पाहिजे. भांडं जाड बुडाचं, झाकण घट्ट, आणि निघण्यापूर्वी खिचडी वाफाळती हवी. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाटायचं नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये नफा असो वा नसो, अन्न पुरवणारा प्रत्येक उपक्रम येतो. लहान नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये आहे. ती ऑनलाइन काढून टाका. लग्नघरातलं उरलेलं अन्न घ्यायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. कधी शिजलं आणि कसं ठेवलं होतं हे नक्की सांगणारं माणूस समोर असेल तरच घ्या.

पाकिटं फेकत जाण्यापेक्षा जमेल तिथे खाली सतरंजी टाकून पत्रावळीवर वाढा आणि वाढणाऱ्यांपैकी दोघांनी सोबत बसून तेच जेवावं. वेळ जास्त लागतो, माणसं कमी होतात. होऊ द्या. पन्नास पाकिटं देऊन घरी येण्यापेक्षा पंधरा जणांसोबत जेवणं मला केव्हाही मोलाचं वाटतं, कारण बोलणं तिथेच सुरू होतं.

वाढताना काय दिसतं ते नीट पाहा. मेयोकडच्या एक मावशी निम्मी खिचडी खाऊन बाकीची पत्रावळ दुमडून पदराखाली ठेवायच्या. आमच्यातल्या एकीला वाटलं, सकाळसाठी ठेवत असतील, खराब होईल. ती शेजारी बसली आणि सहज म्हणाली, “मावशी, अजून वाढू का? हे कोणासाठी ठेवलं?” तेव्हा कळलं की पुलाखाली नवरा आहे, पायाला जखम झाल्यामुळे तो चालू शकत नाही. त्या रात्री दोघी डबा घेऊन तिकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला ड्रेसिंगसाठी नेलं. पाकीट हातात देऊन पुढे गेलो असतो तर ही जखम कोणाला कळलीच नसती.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. एका माणसाला एक पान. नाव, गाव, भाषा, दुखणं, कागदपत्रं आहेत का, आणि त्याने स्वतःहून काय मागितलं. पहिल्या भेटीत वही उघडायची नाही. सरकारी माणूस समजून लोक उठून जातात. आधी आपलं नाव सांगा, मग विचारा, “बाबा, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?” खरं नाव सांगायला काही आठवडे लागतात, कधी सांगतच नाहीत. सांगतील तेच लिहा. घरी आल्यावर आठवून लिहा आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा. वही चर्चच्या कार्यालयात कुलपात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे फोटो टाकू नका.

माणसांचेही फोटो काढू नका. दाते मागतील, तरुणांना हवे असतील, तरी नाही. भांड्यांचा, टोपलीचा, स्वयंपाकघराचा फोटो काढा.

ऊन, आजार, कागद

मार्चअखेरपासून जेवणासोबत पाणी आणि ओआरएस हवं. पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. कोणी बरळतोय, अंग तापलंय, हाकेला नीट उत्तर देत नाही, तर तो प्यायलेला आहे असं समजून पुढे जाऊ नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. दवाखान्यात एक जण सोबत जायलाच हवा. सोबत कोणी नसेल तर रुग्ण स्ट्रेचरवरच पडून राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

मनाचा आजार असलेल्या, भटकणाऱ्या व्यक्तीला जबरदस्तीने आंघोळ घालणं, केस कापणं हे प्रकार बंद करा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तुमचं काम ओळख टिकवणं आणि पोलिसांना कायद्याचं कलम नम्रपणे दाखवणं. मनाच्या आजाराबद्दल सल्ल्यासाठी १४४१६ ला, ज्येष्ठांसाठी १४५६७ ला फोन करा.

महापालिकेच्या बेघर निवाऱ्यांची यादी समाज विकास विभागातून मिळवा आणि कोणालाही पाठवण्याआधी स्वतः जाऊन या. केंद्राच्या २०२४ पर्यंतच्या योजनेत दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची निवाऱ्यात सोय आणि निवारा चोवीस तास, बाराही महिने उघडा, असा निकष होता. तिथे नवरा-बायको एकत्र राहू शकतात का, बोचकं ठेवायला जागा आहे का, दारू प्यायलेल्याला घेतात का, हे विचारून घ्या, कारण माणसं निवारा सोडून परत फुटपाथवर येतात ती याच कारणांनी.

आधारकार्ड हरवलेल्यांसाठी निवाऱ्याच्या अधीक्षकांचं ठराविक नमुन्यातलं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं. ते झालं की बँक खातं, मग संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज. एका वेळी दोघा-तिघांचेच कागद हातात घ्या. तहसीलच्या खेपा लागतात आणि अर्धवट सोडलं तर विश्वास जातो.

धर्माची गोष्ट

जेवणाच्या जागी पत्रकं, प्रतिमा, बायबलच्या प्रती वाटू नका. ‘आधी प्रार्थना, मग जेवण’ असं चुकूनही होऊ देऊ नका. भुकेल्या माणसाकडून प्रार्थना घेणं हा त्याचा अपमान आहे. चर्चचा कायदाही (कलम ७४८) कोणावरही श्रद्धेची सक्ती करायला मनाई करतो. आपली प्रार्थना निघण्यापूर्वी चर्चमध्ये करा. कोणी स्वतःहून म्हणालं, “माझ्यासाठी देवाजवळ मागा,” तर जरूर मागा, तिथेच, हळू आवाजात. कोणी बाप्तिस्म्याचं विचारलं तर आनंदाने, पण घाई न करता, फादरांकडे न्या. तयारीचा काळ लांबलचक असतो आणि तो तसाच असावा. आणि त्याने विचारलं काय, न विचारलं काय, ताटातला घास तेवढाच राहील हे त्याला स्पष्ट कळू द्या.

पैसे आणि पुढची माणसं

एका कारणासाठी दिलेलं दान त्याच कारणासाठी वापरायचं, हे चर्चच्या कायद्यात (कलम १२६७) सांगितलेलं आहे. तेव्हा ही पेटी वेगळी ठेवा, मोजताना दोघे हवेत, खर्चाच्या पावत्या वहीत डकवा आणि दर महिन्याला जमा-खर्च नोटीस बोर्डवर लावा. परदेशातून कोणी पैसे देऊ केले तर हातात घेऊ नका, फादरांना आणि हिशेबनिसाला विचारा. त्याचे कायदे कडक आहेत.

फादरांची काही वर्षांनी बदली होते, आणि नवे फादर आले की अनेक पॅरिशमधली अशी कामं थांबतात. म्हणून पहिल्याच महिन्यात हे काम पॅरिश कौन्सिलच्या ठरावात लिहून घ्या: कोणता वार, कोणती जागा, कोणती पेटी, जबाबदार कोण. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, चर्चच्या कॅलेंडरमधल्या सामान्य काळाच्या ३३ व्या रविवारी, २०१७ पासून जागतिक गरीब दिन पाळला जातो. त्या दिवशी मिस्सेनंतर वर्षाचा अहवाल वाचा आणि नव्या जोड्यांची नावं घ्या. जुन्या जोडीने नव्या जोडीसोबत किमान दोन महिने फिरायचं, म्हणजे फुटपाथवरच्या माणसाला ओळखीच्या चेहऱ्याने नवा चेहरा दाखवलेला असतो. सुरुवातीसाठी जुलै महिना घ्या; पावसात कोणीच जात नाही, आणि तेव्हा झालेली ओळख थंडीपर्यंत पक्की होते.